नैसर्गिक म्हणजे किती मिलिग्रॅम?

पावसाला घाबरणारं पीक

उत्तर गुजरातेतला इसबगोलाचा शेतकरी फेब्रुवारी-मार्चमध्ये आभाळाकडे डोळे लावून बसतो, तो पाऊस येऊ नये म्हणून. नोव्हेंबरात पेरलेलं पीक तोवर कापणीला आलेलं असतं. अशा वेळी अवकाळीची एक सर आली, तरी दाण्यावरचा पातळ पापुद्रा पाणी पितो, फुगतो, बुळबुळीत होतो आणि दाणा ओंबीतून गळून मातीत जातो. हाताशी आलेलं पीक एका दुपारीत वाया जातं. या संकटातून वाचलेला माल उंझा आणि सिद्धपूरच्या गिरण्यांत येतो. तिथे पापुद्रा दाण्यापासून वेगळा काढतात. शंभर किलो दाण्यातून साधारण पंचवीस किलो भुसी निघते. जगात विकल्या जाणाऱ्या इसबगोलाचा मोठा वाटा भारतातूनच जातो.

शेतकऱ्याला बुडवणारा हाच गुण कोलेस्टेरॉल उतरवायला कामी येतो. वाटीत चमचाभर भुसी घालून पाणी ओतलं, की थोड्या वेळात तिची खळीसारखी घट्ट लापशी होते. पोटात गेल्यावरही तेच होतं. पोट साफ व्हावं म्हणून घरोघरी ठेवलेल्या या भुसीच्या बाजूने जेवढा पुरावा आहे, तेवढा बाजारातल्या बहुतेक महागड्या कॅप्सुलींच्या बाजूने नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ साली इसबगोलाच्या पाकिटावर हृदयविकाराचा धोका कमी होण्याविषयीचा दावा छापायला परवानगी दिली, पण अटी घालून: आहारात संपृक्त चरबी आणि कोलेस्टेरॉल कमी हवं, आणि पोटात रोज इसबगोलातले ७ ग्रॅम विरघळणारे तंतू जायला हवेत. म्हणजे साधारण १० ग्रॅम भुसी.

त्या ७ ग्रॅमच्या अटीत या प्रकरणाचं सगळं सार आहे. कोलेस्टेरॉलवर म्हणून विकल्या जाणाऱ्या कुठल्याही वनस्पतीला, बियांना, तेलाला किंवा अर्काला दोन प्रश्न विचारायचे. हा पदार्थ शरीरात नेमका कुठे काम करतो? आणि ज्या मात्रेत तो काम करताना दिसला, ती मात्रा आपल्या चमच्यात किंवा गोळीत आहे का? डबीवर ‘नैसर्गिक’ छापलेलं असल्याने यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

यकृताचा हिशेब

रक्तातलं कोलेस्टेरॉल ताटातून येतं असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं शरीर स्वतःच तयार करतं आणि त्याचा कारभार मुख्यतः यकृताकडे असतो. पेशींची आवरणं, काही संप्रेरकं, ‘ड’ जीवनसत्त्व आणि पित्ताम्लं या सगळ्यांसाठी कोलेस्टेरॉल लागतं. ते रक्तातून वाहून नेणाऱ्या कणांपैकी एलडीएल नावाचे कण जास्त झाले आणि वर्षानुवर्षं जास्तच राहिले, की धमन्यांच्या अस्तरात शिरून तिथे साठतात. रिपोर्टमध्ये ज्याला ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतात ते हेच.

यकृताच्या पेशींवर हे कण पकडून आत घेणारे रिसेप्टर असतात. अमेरिकेत डॅलसला काम करणाऱ्या मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी ते शोधून काढले आणि त्या कामाबद्दल त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं. यकृताला कोलेस्टेरॉलची चणचण भासली, की ते जास्त रिसेप्टर बाहेर काढतं आणि रक्तातले एलडीएल कण ओढून घेतं. एलडीएल उतरवण्याचे बहुतेक उपाय शेवटी याच एका गोष्टीवर येऊन थांबतात: यकृताला चणचण भासवायची. ती भासवण्याच्या वाटा मात्र वेगवेगळ्या आहेत.

पहिली वाट आतड्यातून जाते. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं आणि ती पित्तरसातून आतड्यात सोडतं. चरबी पचवून झाली की त्यातली सुमारे ९५ टक्के पित्ताम्लं आतड्याच्या शेवटच्या भागात शोषली जाऊन यकृताकडे परत येतात. इसबगोलाची लापशी या परतीच्या वाटेत आडवी येते. काही पित्ताम्लं तिच्यात अडकतात आणि शौचावाटे निघून जातात. तूट भरून काढायला यकृताला नवी पित्ताम्लं बनवावी लागतात, त्यासाठी कोलेस्टेरॉल खर्ची पडतं आणि मग ते रक्तातून ओढलं जातं. ओट्स आणि जवातला बीटा-ग्लुकन हा तंतूही असंच काम करतो.

आता मात्रेकडे येऊ. रोज १० ग्रॅमच्या आसपास भुसी घेतल्यावर एलडीएल साधारण ७ टक्क्यांनी उतरतं, कुणाचं थोडं कमी, कुणाचं थोडं जास्त. म्हणजे १६० असेल तर १४९ च्या आसपास. हा आकडा काहींना किरकोळ वाटेल. पण कोलेस्टेरॉलवर डॉक्टर देतात ती स्टॅटिनची गोळी दुप्पट केली, तरी एलडीएल आणखी ६ टक्क्यांच्या आसपासच उतरतं, हे लक्षात घेतलं की भुसीची किंमत कळते. गोळी चालू असलेल्या माणसाला डॉक्टरांच्या सल्ल्याने तिच्या जोडीला इसबगोल घेता येतं.

ओट्सच्या बाबतीत रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन हवं, आणि त्यासाठी साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. मसाला ओट्सचं एक छोटं पाकीट या हिशेबात निम्म्यावरच संपतं आणि सोबत मीठ देऊन जातं.

मेथीचंही असंच आहे. मेथीदाण्यातही पाण्यात फुगणारे तंतू भरपूर असतात, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत तिच्यावर महत्त्वाचं काम झालं. तिथल्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेहाच्या रुग्णांना मेथी दिल्यावर कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही खाली आले. त्यांना दिली होती ती तेल काढून टाकलेल्या मेथीची पूड, रोज १०० ग्रॅम. रात्री भिजत घातलेले चमचाभर मेथीदाणे भरतात चार-पाच ग्रॅम. ते खाऊ नयेत असं मुळीच नाही, पण त्या अभ्यासाचा दाखला या चमच्याला लावता येत नाही.

पाइनचं लाकूड आणि पावावरचं लोणी

फिनलंडमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हृदयविकाराने माणसं पटापट मरत. देशाच्या पूर्वेकडच्या नॉर्थ कारेलिया प्रांताची तर त्यासाठी जगभर अपकीर्ती होती. दूध, लोणी, डुकराचं मांस आणि तंबाखू हा तिथल्या पुरुषांचा रोजचा खुराक. त्याच देशात १९९५ साली पावाला लावायचं एक नवं मार्गारिन दुकानांत आलं. त्यात मिसळलेलं स्टॅनॉल मिळवलं होतं कागदाच्या कारखान्यात पाइनच्या लगद्यातून उरणाऱ्या तेलापासून.

स्टॅनॉल आणि स्टेरॉल हे वनस्पतींचे घटक रचनेने कोलेस्टेरॉलचे जवळचे भाऊबंद आहेत. आतड्यात शोषलं जाण्यासाठी कोलेस्टेरॉलला पित्ताम्लांच्या सूक्ष्म थेंबांत जागा मिळवावी लागते. ती जागा हे भाऊबंद अडवतात, स्वतः मात्र जवळजवळ शोषले जात नाहीत. कोलेस्टेरॉल तसंच पुढे सरकून बाहेर पडतं. यकृताला चणचण भासवण्याची ही दुसरी वाट. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या फिनिश अभ्यासात हे मार्गारिन वर्षभर खाणाऱ्यांचं एलडीएल सुमारे १४ टक्क्यांनी उतरलं. त्यानंतरच्या अनेक चाचण्यांचा मेळ घातला, तर रोज २ ग्रॅम स्टेरॉल किंवा स्टॅनॉलने ८ ते १० टक्के घट मिळते.

रोजच्या जेवणातून, तेलांतून, शेंगदाण्यातून, तिळातून आपल्या पोटात जाणारे वनस्पती-स्टेरॉल मोजले तर ते काही शे मिलिग्रॅमच भरतात. त्यामुळे २ ग्रॅम गाठायचे तर मुद्दाम मिसळलेलं अन्न किंवा गोळीच लागते. ती घेतल्याने हृदयविकाराचे झटके कमी झाले, असं दाखवणारी मोठी चाचणी मात्र झालेली नाही. आणि स्टेरॉल रक्तात साठण्याचा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार असतो, त्या माणसांनी हे घेऊच नये.

गुग्गुळाची साक्ष

धुपाच्या निखाऱ्यावर टाकला जाणारा गुग्गुळ हा कच्छ, सौराष्ट्र आणि राजस्थानातल्या एका काटेरी झुडपाचा डिंक. आयुर्वेदात तो शुद्ध करून अनेक कल्पांत वापरतात. ‘मेदोहर गुग्गुळ’ हे नाव तर सरळ मेदाशीच जोडलेलं आहे. १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती या तरुण संशोधिकेने सुश्रुतसंहितेतलं मेदोरोगाचं वर्णन वाचलं आणि धमन्या कठीण होण्याच्या आधुनिक आजाराशी ते ताडून पाहिलं. मग सशांना कोलेस्टेरॉल वाढवणारा आहार देऊन त्यांच्यावर गुग्गुळाचा प्रयोग केला. डिंकाने सशांचं कोलेस्टेरॉल उतरलं. त्यांचा १९६६ चा प्रबंध हा भारतीय औषधीशास्त्रातला मैलाचा दगड मानला जातो. याच सत्यवती पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या.

प्रबंध कपाटात पडून राहिला नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत डिंकापासून प्रमाणित अर्क तयार झाला, भारतात माणसांवर चाचण्या झाल्या आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो ‘गुगुलिपिड’ म्हणून बाजारात आला. १९९४ साली ६१ जणांवर झालेल्या एका भारतीय चाचणीत, फळं-भाज्यांच्या आहाराच्या जोडीने अर्क घेणाऱ्यांचं एलडीएल सुमारे १२ टक्क्यांनी उतरलं. २००२ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात गुग्गुळातला गुग्गुलस्टेरोन हा घटक यकृतातल्या पित्ताम्लांच्या एका रिसेप्टरला रोखतो, असं दाखवलं. जुनं शास्त्र, प्राण्यांवरचा प्रयोग, माणसांवरच्या चाचण्या आणि आता पेशीतली यंत्रणाही. याहून भक्कम साक्ष आणखी कुठली असणार?

पुढच्याच वर्षी निकाल फिरला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल वाढलेल्या १०३ जणांचे तीन गट केले. एकाला नेहमीच्या मात्रेत गुगुलिपिड, दुसऱ्याला दुप्पट मात्रेत, तिसऱ्याला हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोण काय घेतंय हे रुग्णांनाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरांनाही. आठ आठवड्यांनी नुसती गोळी घेणाऱ्यांचं एलडीएल ५ टक्क्यांनी उतरलं होतं, आणि गुग्गुळ घेणाऱ्यांचं ४ ते ५ टक्क्यांनी वाढलं होतं. सहा जणांच्या अंगावर पुरळ उठलं, तेही गुग्गुळाच्याच गटांत. २००९ साली नॉर्वेत झालेल्या छोट्या चाचणीतही एलडीएलमध्ये लक्षणीय फरक पडला नाही.

भारतीय आणि अमेरिकन निकाल असे वेगळे का आले, याची काही कारणं सुचवली गेली आहेत. अमेरिकेतले लोक त्यांच्या नेहमीच्या आहारावर होते, भारतातल्या चाचण्यांत आहारही बदललेला असे. भारतातल्या काही चाचण्या छोट्या होत्या, काहींत तुलनेसाठी नुसत्या गोळीचा गटच नव्हता. अशा चाचणीत आहाराने पडलेला फरकही औषधाच्या खात्यावर जमा होतो. गुग्गुळ सांधेदुखीत वापरावा का, वैद्याने आपल्या पद्धतीने कोणता कल्प द्यावा, हे प्रश्न वेगळे आहेत. एलडीएल उतरवण्यासाठी मात्र आज त्याच्यावर भिस्त ठेवण्यासारखा पुरावा नाही.

झाडाची बाजूही मांडायला हवी. जास्त डिंक निघावा म्हणून खोडावर खोल घाव घालतात आणि बरीच झुडपं त्यात मरतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत गुग्गुळ आज अतिसंकटग्रस्त आहे.

लाल तांदळाचं कोडं

शिजवलेल्या तांदळावर मोनॅस्कस नावाची बुरशी वाढवली, की भात गडद लालभडक होतो. चीनमध्ये शतकानुशतकं त्याचा रंग बदकाच्या मांसाला, टोफूला आणि तांदळाच्या दारूला देत आले आहेत. सोळाव्या शतकातल्या ली शि-चन यांच्या प्रसिद्ध औषधीकोशात पचनासाठी आणि रक्ताभिसरणासाठी त्याची शिफारस आहे. आपल्या कोकणातल्या किंवा केरळातल्या लाल तांदळाशी याचा काही संबंध नाही. तिथे दाण्याचं सालच लाल असतं, इथे रंग बुरशीचा असतो.

आता टोकियोत जाऊ. सांक्यो या औषध कंपनीत अकिरा एंदो नावाचा जीवरसायनशास्त्रज्ञ १९७१ पासून बुरशांच्या मागे लागला होता. बुरशीतून पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगच्या कथेने तो लहानपणापासून भारावलेला होता. त्याचा तर्क साधा होता: एखादी बुरशी स्वतःच्या बचावासाठी दुसऱ्या जीवांचं कोलेस्टेरॉलसारखं द्रव्य बनणं थांबवत असेल, तर तेच रसायन माणसाच्या यकृतातही चालेल. सहा हजारांहून जास्त बुरशा तपासून झाल्या. सुरुवातीला सिट्रिनिन नावाचं एक रसायन हाती लागलं. काम चांगलं करत होतं, पण मूत्रपिंडांना घातक निघालं आणि बाजूला ठेवावं लागलं. मग १९७३ साली क्योटोतल्या एका धान्यदुकानातल्या तांदळावर वाढलेल्या निळसर बुरशीत हवं ते सापडलं. कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या साखळीतला कळीचा एन्झाइमच ते अडवत होतं. यकृताला चणचण भासवण्याची ही तिसरी वाट. जगातलं हे पहिलं स्टॅटिन.

पुढचा प्रवास सरळ झाला नाही. उंदरांना ते दिलं तर त्यांचं कोलेस्टेरॉल ढिम्म हलेना. कंपनीत प्रकल्प गुंडाळायची भाषा सुरू झाली. तेव्हा एका सहकाऱ्याकडच्या अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर प्रयोग करून पाहिला आणि त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं. १९७८ मध्ये ओसाकातल्या एका डॉक्टरने ते आनुवंशिक कोलेस्टेरॉलविकाराच्या रुग्णांना दिलं. एंदो पुढे विद्यापीठात गेले आणि १९७९ साली त्यांनी आणखी एका बुरशीतून नवं स्टॅटिन वेगळं काढलं. ती बुरशी होती मोनॅस्कस, लाल तांदळाची. रसायनाला त्यांनी नाव दिलं मोनॅकोलिन के. अमेरिकेतल्या मर्क कंपनीला एका वेगळ्याच बुरशीत मिळालेलं लोवास्टॅटिन आणि हे मोनॅकोलिन के एकच निघाले, अणूला अणू जुळणारे. लोवास्टॅटिनला १९८७ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली.

त्यामुळे ‘स्टॅटिन नको, मी नैसर्गिक लाल तांदूळ घेतो’ असं म्हणणारा माणूस प्रत्यक्षात स्टॅटिनच घेत असतो. मात्रा तेवढी त्याला ठाऊक नसते. लाल तांदूळ काम करतो यात वाद नाही. झटका येऊन गेलेल्या सुमारे ४,८७० चिनी रुग्णांवर प्रमाणित अर्काची चाचणी साडेचार वर्षं चालली. नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी १०.४ टक्क्यांना पुन्हा झटका आला किंवा हृदयविकाराने मृत्यू आला; अर्क घेणाऱ्यांत हे प्रमाण ५.७ टक्के होतं. पण दुकानातल्या डबीत तोच प्रमाणित अर्क असेल याची खात्री नसते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या २८ ब्रँडची तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. दोन ब्रँडमध्ये मोनॅकोलिन के अजिबात नव्हतं, आणि उरलेल्यांत सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांत साठपटींहून अधिक तफावत होती.

ही तफावत नुसत्या निष्काळजीपणातून आलेली नाही. मोनॅकोलिन भरपूर असेल तर अमेरिकी कायद्यानुसार ते औषध ठरतं आणि पूरक आहार म्हणून विकता येत नाही. युरोपीय संघानेही २०२२ पासून दिवसाला ३ मिलिग्रॅमपेक्षा कमीची मर्यादा घातली आहे. म्हणजे कायदा पाळणाऱ्या डबीत गुण येण्याइतकं रसायन असेलच असं नाही, आणि ज्या डबीने गुण येतो तिच्यात स्नायूदुखीपासून यकृताच्या तक्रारींपर्यंत स्टॅटिनचे सगळे दुष्परिणामही हजर असतात. काही अँटिबायोटिकांसोबत ते बळावतात. शिवाय मोनॅस्कसच्या काही जाती सिट्रिनिनही बनवतात, म्हणजे एंदोंनी विषारी म्हणून बाजूला ठेवलेलं तेच रसायन. २०२४ च्या मार्चमध्ये जपानमध्येच लाल तांदळाच्या गोळ्या खाऊन शेकडो लोकांना इस्पितळात जावं लागलं. मूत्रपिंडांना इजा झाली होती. तपासात कारखान्यातल्या निळ्या बुरशीने तयार केलेलं प्युबेरुलिक आम्ल गोळ्यांत सापडलं. अकिरा एंदो त्याच वर्षीच्या जूनमध्ये वारले.

लसूण, दालचिनी आणि बाकीची मंडळी

सकाळी उपाशीपोटी लसणाची पाकळी हा सल्ला न मिळालेला कोलेस्टेरॉलचा रुग्ण महाराष्ट्रात सापडणं कठीण. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने हा सल्ला नीट तपासून पाहिला. १९२ जणांना सहा महिने, आठवड्यातून सहा दिवस, कच्चा लसूण, लसणाची पूड, मुरवलेल्या लसणाचा अर्क किंवा नुसती गोळी दिली. कच्चा लसूण सँडविचमध्ये घालून दिला होता, रोज पाकळीएवढा. २००७ साली निकाल आला तेव्हा चारही गटांच्या एलडीएलमध्ये दखल घेण्याजोगा फरक नव्हता. लसूण फोडणीत राहू द्यावा. अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर लसणाच्या कॅप्सुलींनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

२०२२ साली क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी सगळ्यांनाच एका रांगेत उभं केलं. १९० जण, २८ दिवस, आठ गट: मासळीचं तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पती-स्टेरॉल, लाल तांदूळ, नुसती गोळी आणि रोसुवास्टॅटिन ५ मिलिग्रॅम ही स्टॅटिनची कमी मात्रेची गोळी. रोसुवास्टॅटिनने एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरवलं. सहा पूरकांपैकी एकालाही नुसत्या गोळीवर मात करता आली नाही. लसणाच्या गटात तर एलडीएल वाढलं. या अभ्यासाला पैसा त्या स्टॅटिनच्या उत्पादक कंपनीने दिला होता आणि २८ दिवस थोडेच आहेत, हे दोन्ही आक्षेप रास्त आहेत. तरी ३८ विरुद्ध शून्य एवढी दरी या आक्षेपांनी बुजत नाही.

दारुहळदीतल्या बर्बेरिनची गोष्ट जरा निराळी आहे. २००४ साली चिनी शास्त्रज्ञांनी दाखवलं, की ते यकृतावरच्या एलडीएल रिसेप्टरांची संख्या वाढवतं. रोज १ ग्रॅम बर्बेरिन तीन महिने घेणाऱ्या रुग्णांचं एलडीएल २५ टक्क्यांनी उतरलं होतं. पण चाचण्या छोट्या, बहुतेक एकाच देशातल्या, आणि झटके टळतात का हे पाहणाऱ्या मोठ्या अभ्यासाचा अभाव. बर्बेरिन इतर औषधांच्या यकृतातल्या विघटनातही ढवळाढवळ करतं. गरोदरपणात तर ते टाळायलाच हवं.

मासळीचं तेल ट्रायग्लिसराइड उतरवतं, एलडीएल नाही. ‘बी-३’ जीवनसत्त्व अर्थात नायसिन हा या यादीतला सगळ्यात बोलका दाखला. मोठ्या मात्रेत ते एलडीएल उतरवतं आणि ‘चांगलं’ एचडीएल वाढवतं. रिपोर्ट पाहून कुणीही खूश व्हावं. पण स्टॅटिन घेणाऱ्या २५,००० हून अधिक रुग्णांना एका औषधासोबत नायसिन देऊन पाहिलं, तर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात झटके कमी झालेले दिसले नाहीत. उलट मधुमेह, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव वाढलेले दिसले. याउलट १९९४ साली ४,४४४ स्कँडिनेव्हियन रुग्णांच्या चाचणीत सिम्वास्टॅटिनने एकूण मृत्यूच सुमारे ३० टक्क्यांनी कमी केले होते. लाल तांदळाचा प्रमाणित अर्क सोडला, तर कागदावरचा आकडा सुधारण्यापलीकडे जाऊन जीव वाचवल्याचा असा पुरावा यातल्या एकाही पूरकाकडे नाही.

भेंडी, वांगं, बदाम

मग नैसर्गिक उपायांच्या हाती काहीच नाही का? टोरांटोच्या डेव्हिड जेंकिन्स यांनी या प्रश्नाचं उत्तर वेगळ्या बाजूने शोधलं. एकेका पदार्थाने ५-७ टक्के उतरतं, तर सगळे एकत्र खायला दिले तर? त्यांनी एका आहारात चार गोष्टी बांधल्या: चिकट तंतू, सोयाची प्रथिनं, बदाम आणि वनस्पती-स्टेरॉल. चिकट तंतूंसाठी ओट्स, जव आणि इसबगोल होतंच, शिवाय भेंडी आणि वांगंही होतं. २००३ सालच्या निकालात महिनाभरानंतर नुसत्या कमी चरबीच्या आहाराने एलडीएल ८ टक्के, त्याच आहारासोबत लोवास्टॅटिन २० मिलिग्रॅम घेतल्याने सुमारे ३१ टक्के, आणि या एकत्र आहाराने जवळजवळ २९ टक्के उतरलं.

या ४६ जणांना बहुतेक अन्न संशोधकांनीच पुरवलं होतं. पुढे कॅनडातल्या साडेतीनशेच्या आसपास लोकांना फक्त सल्ला दिला आणि स्वयंपाक त्यांचा त्यांनी केला, तेव्हा सहा महिन्यांनी घट १३-१४ टक्क्यांवर आली. घरात पाळता आलं तेवढंच पदरात पडलं. तरीही १३ टक्के ही लहानसहान गोष्ट नाही, आणि त्यासाठी लागणारं बरंचसं सामान आपल्या बाजारात मिळतं. भेंडी, वांगी, राजमा, हरभरा, सोयाबीन, मूठभर बदाम, जवाचं पीठ मिसळलेली भाकरी, रात्री इसबगोल. त्याच वेळी फरसाण आणि बेकरीतलं पाम तेल व वनस्पती तूप कमी करायचं. संपृक्त चरबी यकृतावरचे रिसेप्टर घटवते. त्यामुळे खारी-बिस्किटं तशीच चालू ठेवून वर कॅप्सूल घेतली, तर तिचा फायदा तिथेच संपतो.

इसबगोल सुरू करायचं तर ५ ग्रॅमपासून करावं, मोठ्या ग्लासभर पाण्यासोबत घ्यावं आणि लगेच पिऊन टाकावं. कोरडी भुसी तोंडात टाकली तर घशात अडकू शकते. गिळायला त्रास होणाऱ्यांनी आणि आतड्यात अडथळ्याचा आजार असलेल्यांनी ती घेऊच नये. थायरॉइडच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या आणि भुसी यांत काही तासांचं अंतर ठेवावं. किती, ते डॉक्टरांना विचारावं.

कॅप्सूल विकत घ्यायचीच असेल, तर डबी उलटून पाहावी. भारतात न्यूट्रास्युटिकल म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापणं बंधनकारक आहे. समोरच्या बाजूला हृदयाचं चित्र आणि मागच्या बाजूला ही ओळ, असा प्रकार दिसला तर त्यातली मागची ओळच खरी धरावी. घटकांपुढे मिलिग्रॅम लिहिलेले नसतील, किंवा पंधरा वनस्पतींचं मिश्रण मिळून ५०० मिलिग्रॅम भरत असेल, तर कुठल्याही एका वनस्पतीची चाचणीतली मात्रा त्यात असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. जे काही घेत असाल ते डॉक्टरांना नावानिशी सांगावं. ‘काही नाही, आयुर्वेदिक आहे’ एवढ्या उत्तरावर त्यांना पुढचा निर्णय घेता येत नाही.

शेवटी, कुणी प्रयोग करावा आणि कुणी करू नये? एलडीएल १३०-१५० च्या घरात आहे, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांपैकी काही नाही, घरात कमी वयात हृदयविकार झालेला नाही, अशा माणसाने डॉक्टरांशी बोलून तीन महिने आहार, चालणं आणि इसबगोल नेटाने करून पाहायला हरकत नाही. तीन महिन्यांनी शक्यतो त्याच लॅबमध्ये पुन्हा लिपिड प्रोफाइल करायचं आणि दोन्ही कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसायचं. ज्यांना झटका येऊन गेला आहे, स्टेंट बसला आहे, मधुमेह आहे किंवा ज्यांचं एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त आहे, त्यांनी गोळी बंद करून भुसीचा प्रयोग करू नये. १९० च्या वरचा आकडा बरेचदा आनुवंशिक असतो. अशा घरात आई-वडिलांइतकीच मुलांचीही तपासणी व्हायला हवी, कारण त्यांच्या धमन्यांत कोलेस्टेरॉल साचायला लहानपणापासूनच सुरुवात झालेली असते.